बावन्न टक्क्यांच्या मुलीसाठी कुठलं कॉलेज?

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या बहुतेक गटांत एक कार्यक्रम ठरलेला असतो. गुणगौरव समारंभ. आम्हीही तो करतो. गेल्या खेपेला आमच्याकडे ९३ टक्के मिळवलेल्या एका मुलीचा सत्कार झाला. पुस्तकं दिली, फोटो काढले, भाषणं झाली. त्या मुलीला पुढं काय करायचं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं, तिच्या शिक्षकांना ठाऊक होतं, आणि कॉलेजंही तिला बोलवायला तयार होती.

कार्यक्रम संपला. सतरंज्या गोळा करायला ज्या मुली थांबल्या होत्या त्यांत एक नुकतीच दहावी झालेली होती. तिला ५२ टक्के. तिचं नाव कुणी पुकारलं नव्हतं. तिची आई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, हिच्यासाठी कुठलं कॉलेज बघायचं? का आता स्थळच बघायचं?"

मी "बघू या हं, शिकवा तिला" असं काहीतरी म्हणाले. ते उत्तर नव्हतं. मुलीला शिकवा असं आपण चाळीस वर्षं सांगतोय, पण ५२ टक्क्यांच्या मुलीला कुठं, कसं, किती पैशांत शिकवायचं हे सांगायची वेळ आली तेव्हा माझ्यापाशी माहिती नव्हती. त्यानंतर आम्ही काहीजणी माहिती काढायला लागलो, कॉलेजांत जाऊन बसलो, फॉर्म भरायला मदत करू लागलो. त्यातून जे हाती आलं ते आज तुमच्यापुढं ठेवते आहे.

मध्यम मुलगी आणि मध्यम मुलगा

दरवर्षी निकालाच्या दिवशी "यंदाही मुलींचीच बाजी" असा मथळा येतो. तो खोटा नसतो. पण त्या मथळ्यामुळं आपल्याला वाटायला लागतं की मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न सुटत आला. बाजी मारणाऱ्या मुलीचं शिक्षण थांबवायला घरच्यांना लाज वाटते. पेपरात नाव आलेलं असतं, सरांनी घरी येऊन सांगितलेलं असतं. ४५, ५२, ५८ टक्के मिळवणाऱ्या मुलीला असला कसलाच आधार नसतो. आणि २०१० पासून आपल्या बोर्डात सर्वांत चांगल्या पाच विषयांचे गुण धरून टक्केवारी काढतात, तेव्हापासून टक्केवारी वर सरकली आहे. शहरात आता ७० टक्क्यांची मुलगीही "मध्यम"च ठरते.

एकाच घरातले बहीण-भाऊ घ्या. दोघांनाही ५२ टक्के. मुलाबद्दल काय बोललं जातं? "डोकं आहे हो, अभ्यासच करत नाही." मग त्याच्यासाठी मामा धावपळ करतो, देणगी ठरते, वेळ पडली तर जमिनीवर कर्ज काढतात. मुलीबद्दल काय? "अभ्यास करते बिचारी, पण डोकं बेताचं." आणि मग कमी मार्क हेच तिचं शिक्षण थांबवण्याचं कारण होतं. कमी मार्क मुलाच्या बाबतीत सोडवायची अडचण असते, मुलीच्या बाबतीत तो निकालच असतो.

मी गटांच्या बैठकीत एक साधी गोष्ट करायला सांगते. परीक्षेच्या महिन्यातला मुलीचा दिवस कागदावर लिहून काढा. पहाटे पाणी. भाकऱ्या. धाकट्याचं आवरणं. शाळा. आल्यावर भांडी. आई मजुरीला गेली तर आजीचं जेवणखाण. रात्री नऊनंतर पुस्तक. आता तिच्या भावाचा दिवस लिहा. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि मग सांगा कुणाचं डोकं बेताचं ते.

पण मला याच्या पुढंही जायचं आहे. काही मुलींना पुस्तकी अभ्यासात गती खरंच कमी असते. सगळी सोय दिली तरी त्यांना ५५ टक्केच पडतील. त्यात लाजण्यासारखं काय आहे? मुलगी अतिशय हुशार आहे म्हणून तिला शिकू द्या, असं आपण म्हणत राहिलो तर हुशार नसलेल्या मुलीचा हक्क आपणच काढून घेतो. मुलांना असली हुशारीची अट कुणी कधी घातलेली नाही.

कॉलेज निवडतात कसं?

घरोघरी दोन पद्धती दिसतात. एक म्हणजे नाव बघून. ज्या कॉलेजची यादी सगळ्यांत वर बंद होते ते चांगलं. तिथं कमी मार्कांच्या मुलीला नियमित फेरीत जागा मिळत नाही, मग ओळख काढायची, व्यवस्थापन कोट्यातून पैसे भरायचे. दुसरी पद्धत म्हणजे जवळचं. घराशेजारी जे असेल ते, तिथं जी शाखा असेल ती.

नाव बघून घातलेल्या मुलीचं काय होतं ते आम्ही पाहिलं आहे. एका मुलीला ५६ टक्के होते. तिला हिशेबात रस होता, वाणिज्य शाखेला जायचं होतं. पण काकांनी "सायन्स घेतलं की सगळे रस्ते मोकळे" म्हणून मोठ्या कॉलेजात विज्ञानाला पैसे भरून घातलं. शंभरावर मुलांचा वर्ग, शिकवणं सगळं प्रवेश परीक्षांच्या तयारीतल्या मुलांसाठी. ती मराठी माध्यमातून आलेली. सहा महिन्यांत ती मागच्या बाकावर गप्प बसायला लागली, अकरावीला नापास झाली, आणि घरच्यांनी हात झटकले, "आम्ही तर एवढं नामांकित कॉलेज दिलं होतं." आज ती सासरी आहे. तिला वाणिज्य मिळालं असतं तर ती बारावी झाली असती याबद्दल मला शंका नाही.

मोठ्या कॉलेजचा निकाल चांगला लागतो कारण तिथं आधीच ९० टक्केवाली मुलं येतात. त्यांनी शिकवलं म्हणून निकाल लागला, की मुलं तशीच होती म्हणून लागला, हे त्या आकड्यावरून कळत नाही. आपल्याला बघायचं आहे ते हे की ५०-६० टक्के घेऊन आत गेलेल्या मुली बाहेर पडताना कुठं असतात. म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा: पहिल्या वर्षाला किती मुली आल्या आणि त्यांतल्या किती शेवटच्या वर्षापर्यंत राहिल्या? बहुतेक ठिकाणी लगेच उत्तर मिळत नाही. ज्या प्राचार्य तुम्हाला बसवून घेतात आणि रजिस्टर मागवतात, त्या कॉलेजबद्दल चांगलं मत करायला हरकत नाही.

बघायच्या पाच गोष्टी

पहिली गोष्ट रस्ता. नकाशावरचं अंतर मोजू नका. घरातून निघून वर्गात बसेपर्यंत किती वेळ लागतो, त्यात पायी किती, शेवटची एसटी किती वाजता, हे मोजा. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एसटीचा मोफत पास आहे, तो बारावीपर्यंत मिळतो. पण पास असून गाडी नसेल तर काय उपयोग? आमच्या ओळखीच्या एका मुलीचं प्रात्यक्षिक पाच वाजता संपायचं आणि गावाकडची शेवटची गाडी साडेचारला. ती दोन महिने प्रात्यक्षिकं बुडवत राहिली. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर घरचे म्हणाले असते, सोड कॉलेज. रस्त्याचा प्रश्न प्रवेशाच्या आधी विचारायचा असतो. गाडीची वेळ बदलून घ्यायला डेपोत निवेदन देणं हे आपलं काम आहे, त्या एकट्या मुलीचं नाही.

दुसरी गोष्ट पैसा. पहिल्या वर्षाची फी विचारून थांबू नका. सगळ्या वर्षांची फी, परीक्षा फी, बस, पुस्तकं, गणवेश, वसतिगृह अशी बेरीज कागदावर मांडा. कॉलेज अनुदानित आहे की विनाअनुदानित हे विचारा, आणि अनुदानित असलं तरी आपल्या मुलीला मिळणारी तुकडी अनुदानित आहे का, हेही विचारा. एकाच इमारतीत दोन्ही असतात आणि फीमध्ये मोठा फरक असतो.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाबद्दल तुम्ही ऐकलं असेल. मुलींना उच्च शिक्षण मोफत, अशी त्याची जाहिरात झाली. तो नीट वाचायला हवा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, इतर मागासवर्ग आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागासवर्ग यांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी ही सवलत निम्मी होती. पण अट अशी की प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. खाजगी अभिमत विद्यापीठांत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांत नाही. वसतिगृह आणि जेवणाचा खर्च त्यात धरलेला नाही. म्हणजे ज्या घरानं घाईनं, ओळखीनं, पैसे भरून प्रवेश घेतला त्या घराच्या हातून हा फायदा जातो. मध्यम मार्कांच्या मुलींच्या बाबतीत नेमकं हेच होतं. यादीत नंबर लागणार नाही असं कुणीतरी सांगतं, आणि घरचे फेऱ्या पूर्ण व्हायची वाट न बघता मध्यस्थाकडे जातात.

अनुसूचित जातींच्या मुलींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिला उत्पन्नाची अट आहे, अडीच लाखांची. टक्क्यांची अट नाही. ४५ टक्केवाली मुलगीही तिला पात्र आहे. पण "तुला कमी मार्क आहेत, तुला कुठली शिष्यवृत्ती" असं तिला कार्यालयाच्या खिडकीतूनच सांगितलं गेल्याचं आम्ही ऐकलं आहे. खिडकीतल्या माणसाचं ऐकून परतू नका.

आणखी एक. काही संस्था मूळ दाखले ठेवून घेतात आणि मुलगी दुसरीकडे जायला निघाली की संपूर्ण वर्षाची फी मागतात. आमच्यासमोर असं एक प्रकरण आलं. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ साली स्पष्ट सूचना काढली की उच्च शिक्षण संस्थांनी मूळ प्रमाणपत्रं तपासून परत करायची, अडकवून ठेवायची नाहीत. त्या सूचनेची प्रत घेऊन आम्ही तिघीजणी गेलो तेव्हा दाखले मिळाले. मुलगी एकटी चारदा जाऊन आली होती.

तिसरी गोष्ट, वर्ग खरोखर भरतात का? हे माहितीपत्रकावरून कळणार नाही. एखाद्या मंगळवारी अकरा वाजता जा. वर्गात शिक्षक आहेत का, ग्रंथालय उघडं आहे का, मुली तिथं बसल्या आहेत का, बघा. काही कनिष्ठ महाविद्यालयं नावाला असतात, मुलं खाजगी क्लासला जातात आणि हजेरी इथं लागते. क्लासची फी भरू शकणाऱ्याला हे चालतं. आपल्या मुलीला जे काही मिळायचं ते वर्गातच मिळणार आहे. फाटकावर नॅकच्या श्रेणीची पाटी असते, ती वरिष्ठ महाविद्यालयाची असते. त्याच आवारातल्या अकरावी-बारावीबद्दल ती काही सांगत नाही.

चौथी गोष्ट, मुलीला तिथं माणूस म्हणून वागवतात का? स्वच्छतागृह आहे का, त्याला पाणी आहे का, कडी लागते का, हे आत जाऊन बघा. अंतर्गत तक्रार समिती आहे का, तिच्या सदस्यांची नावं फलकावर आहेत का, ते बघा. २०१३ च्या कायद्यानं ही समिती बंधनकारक आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी विद्यार्थिनींच्या तक्रारीही तिच्या कक्षेत स्पष्टपणे आल्या. अकरावी-बारावीच्या मुली अठराच्या आतल्या, त्यांना २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. इथं एक सावधगिरी. पालकांना आवडतं ते कॉलेज बरेचदा "शिस्तीचं" असतं. मुलींवर पहारा, ओढणी अशीच हवी, मुलांशी बोललं की घरी फोन. याला सुरक्षितता म्हणू नका. छेड काढणाऱ्याला जाब विचारणारं कॉलेज आणि छेड निघाली म्हणून मुलीच्या घरी फोन करणारं कॉलेज यांतला फरक आपल्याला कळायला हवा, कारण त्या दुसऱ्या फोननंतर मुलीचं शिक्षण बंद होतं.

पाचवी गोष्ट, तिथून पुढं दार कुठं उघडतं? मध्यम मार्कांच्या मुलीसाठी ही सर्वांत महत्त्वाची. तिला आज मोठ्या दारातून आत घेत नाहीत, पण बाजूची दारं आहेत आणि ती तिच्या घरी कुणाला माहीत नसतात.

दहावीला ३५ टक्के असले तरी तंत्रनिकेतनाच्या पदविकेसाठी पात्रता मिळते. पदविका पूर्ण झाली की अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, मुलींच्या वेगळ्या आयटीआयसुद्धा आहेत. पण मुलगी आयटीआयला गेली की तिला शिवणकाम किंवा सौंदर्यप्रसाधनाचा अभ्यासक्रम सुचवतात. हे बहुतेक एक वर्षाचे आहेत. इलेक्ट्रिशियनसारखा दोन वर्षांचा ट्रेड केला तर पुढं पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला जाण्याचा मार्ग मिळतो. एका वर्षाचा फरक दिसायला लहान आहे, पण त्यावर पुढचं दार उघडतं की बंद होतं ते ठरतं. मुलीला शिवणकाम आवडत असेल तर जरूर करू द्या. पण ती मुलगी आहे म्हणून ते तिच्या गळ्यात मारू नका.

बारावी कला शाखेतून झालेली मुलगीही जीएनएम नर्सिंगला जाऊ शकते. ४० टक्के आणि इंग्रजी विषय लागतो. मात्र त्या संस्थेला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, हे आधी बघा. भाड्याच्या दोन खोल्यांत "नर्सिंग कॉलेज" चालवून प्रमाणपत्रं वाटणारे लोक नेमक्या अशाच मुलींना गाठतात. कौन्सिलच्या यादीत नाव नसेल तर एक रुपयाही भरू नका.

आणि तारखांचं भान ठेवा. २०२४ पासून आपल्या राज्यात बीबीए, बीसीए, बीएमएससारख्या अभ्यासक्रमांना सामाईक प्रवेश परीक्षा आली. तिचे अर्ज बारावीच्या निकालाच्या खूप आधी भरायचे असतात. निकाल लागल्यावर "आता बघू" म्हणणाऱ्या घरातल्या मुलीसाठी ते दार तोवर बंद झालेलं असतं.

फॉर्म कुणाच्या हातात?

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. आधी ते फक्त मोठ्या शहरांत होते. अर्जात दहापर्यंत कॉलेजांचा पसंतीक्रम देता येतो. यात एक चांगली गोष्ट आहे. गुणांनुसार यादी लागते, ओळखीपाळखीला वाव कमी होतो. पण फोन कुणाचा असतो? भावाचा. ओटीपी त्याच्या फोनवर येतो, पासवर्ड त्याला माहीत असतो. एका मुलीनं आमच्याबरोबर बसून विचार करून दहा नावं लिहिली होती. सायबर कॅफेत तिच्या काकांनी त्यांतली आठ बदलली. पहिलं नाव घातलं ते गल्लीतल्या कॉलेजचं, जिथं तिला नको असलेली शाखाच होती. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं, असा २०२५ च्या प्रक्रियेत नियम होता. तिला पहिल्याच फेरीत ते कॉलेज लागलं. घरचे खूश. ती गप्प. दरवर्षीचं माहितीपत्रक आपण स्वतः वाचलं पाहिजे, आणि अर्ज शेवटी पाठवण्याचं बटण मुलीनं स्वतः दाबलं पाहिजे.

"सोडता येतं" म्हणून सोडवू नका

नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीच्या शिक्षणात मधेच बाहेर पडण्याची सोय आणली. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. जमा झालेली श्रेयांकं सात वर्षांपर्यंत वापरता येतात. अडचणीत सापडलेल्या मुलीला याचा उपयोग आहे, नाही असं नाही. पण आपल्या समाजात मधेच बाहेर कोण पडणार हे सांगायला ज्योतिषी नको. "एक वर्ष झालं ना, प्रमाणपत्र मिळालं ना, राहिलेलं लग्नानंतर कर." ही वाक्यं मी ऐकायला लागले आहे. पूर्वी शिक्षण अर्धवट सुटलं असं म्हणत, आता त्याला प्रमाणपत्राचा कागद मिळेल. म्हणून घरच्यांशी बोलताना पहिल्याच दिवशी बोला: तीन वर्षं पूर्ण.

आणि जी नापास झाली तिचं? दहावीची फेरपरीक्षा २०१५ पासून निकालानंतर लगेच होते, वर्ष वाया जात नाही. एक-दोन विषय राहिले तरी अकरावीला प्रवेश मिळण्याची सोय आहे. शाळा सुटून वर्षं झाली असतील तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, तिथून आपल्या गटांतल्या कितीतरी जणी लग्नानंतर, मुलं झाल्यावर पदवीधर झाल्या. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण सोळा वर्षांच्या मुलीसाठी मुक्त विद्यापीठाचा विचार घरचे करायला लागले तर सावध व्हा. "घरी बसून शिकेल" यात "घरी बसून" हेच त्यांना हवं असतं. ज्या बाईला बाहेर पडणं शक्यच नाही तिच्यासाठी ते दार आहे. बाहेर पडू शकणाऱ्या मुलीला घरात ठेवायला ते वापरू देऊ नका.

आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतात, पदवी घेऊन तरी काय, बेकारांची रांग वाढते. नोकरीची हमी मीही देत नाही. बी.ए. झाली म्हणजे नोकरी लागली असं सांगणं फसवणूक होईल. पण सोळाव्या ते विसाव्या वर्षापर्यंत रोज घराबाहेर पडणं, तिकिटाचे पैसे स्वतः मोजणं, अर्ज लिहिणं, मैत्रिणी करणं, बँकेत जाणं, एखाद्या गोष्टीला नाही म्हणून बघणं, हे सगळं त्या चार वर्षांत होतं. त्याच वर्षांत लग्न झालेल्या मुलीला हे शिकायला पुढं पंधरा वर्षं लागतात. आपल्यातल्या अनेकींना तशी लागली.

महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं तेव्हा तिथं मातृभाषेतून शिकवायचं ठरवलं. मुलींसाठी वेगळा अभ्यासक्रम काढण्यावर टीका झाली आणि त्यातली काही आपल्यालाही आज पटेल. पण साध्यासुध्या मुलीला आत येता यावं म्हणून संस्थेनंच थोडं वाकायचं, हा विचार मला फार मोलाचा वाटतो. भाऊराव पाटलांच्या संस्थांत गरीब मुलं कमवा आणि शिका म्हणत शिकली, तिथंही विचार हाच होता. आपल्या तालुक्यातल्या कॉलेजांना आज हे आठवण करून द्यावं लागेल.

काय करायचं?

आता कामाचं बोलते. प्रत्येक गटानं आपल्या भागातली दहा कॉलेजं, आयटीआय आणि तंत्रनिकेतनं स्वतः जाऊन बघावीत. या पाच गोष्टींची उत्तरं एका वहीत लिहावीत. ही वही हातानं लिहिलेली असली तरी चालेल. पुढच्या वर्षी तीच सुधारायची.

दहावीतल्या मुलींचे उत्पन्नाचे, जातीचे, अधिवासाचे दाखले जानेवारीतच काढायला घ्यावेत. जूनमध्ये तहसीलला रांगा लागतात आणि दाखला नाही म्हणून मुलीची सवलत जाते.

निकालानंतरचे पंधरा दिवस गटाच्या कार्यालयात एक टेबल मांडावं. एक फोन गटाचा ठेवावा, ज्या मुलीकडे स्वतःचा फोन नाही तिनं तो वापरावा. तिचा पासवर्ड तिच्याच वहीत राहू द्यावा.

आणि गुणगौरव समारंभ करायचाच असेल तर एक बदल करू या. पहिल्या आलेल्या मुलींबरोबर, ज्या मुली अकरावीतून बारावीत गेल्या, ज्या आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला गेल्या, ज्या नापास होऊन पुन्हा बसल्या, त्यांचीही नावं पुकारू या. त्यांच्या आयांनाही पुढं बोलवू या.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलीबद्दल तुम्ही विचाराल. तिच्या आईबरोबर आम्ही तीन ठिकाणं बघितली. नामांकित कॉलेज तिच्या आवाक्यात नव्हतं. जवळच्या कॉलेजात वर्ग भरत नव्हते. तिसरं सात किलोमीटरवर, साधं, अनुदानित, वाणिज्य शाखा मराठीतून, आणि सकाळी जाऊन दुपारी परत यायला एसटी. तिनं ते पहिलं लिहिलं. ती सध्या तिथं जाते. लग्नाची बोलणी पूर्ण थांबलेली नाहीत, दिवाळीत पुन्हा एक पाहुणे येऊन गेले. त्या वेळी तिची आई त्यांना म्हणाली, "बारावी झाल्याशिवाय विषय काढू नका." पुढं काय होईल ते मी सांगू शकत नाही. पण ते वाक्य तिला बोलता आलं, कारण तिच्या हातात मुलीचं ओळखपत्र होतं, एसटीचा पास होता आणि आपण चौघी तिच्या पाठीशी होतो.

तुमच्या वस्तीतल्या ५२ टक्क्यांच्या मुलींची यादी करा. या शिबिरातून परत गेल्यावर पहिलं काम हे.